मिठाचा दर कोणी ठरवायचा?

एखाद्या देशाने व्यापारी संघातून बाहेर पडावे की न पडावे, हा वाद बहुधा एकाच आकड्यापाशी येऊन थांबतो: बाहेर पडल्याने एकूण व्यापार किती टक्क्यांनी घटेल आणि राष्ट्रीय उत्पन्नाला किती फटका बसेल. ब्रिटनने 23 जून 2016 रोजी 51.9 टक्के मतांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, तेव्हापासून जगभरच्या अर्थतज्ज्ञांची चर्चा याच आकड्याभोवती फिरत राहिली, आणि भारताने 4 नोव्हेंबर 2019 रोजी बँकॉक येथे प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारीच्या, म्हणजे आरसेपच्या वाटाघाटींतून अंग काढून घेतले तेव्हा मराठी वृत्तपत्रांतील चर्चाही त्याच चाकोरीतून गेली. हा आकडा खोटा नसतो, परंतु तो उथळ असतो. संघात शिरताना एखाद्या प्रदेशातील धंदे, कर्जे आणि माणसे यांची जी नवी मांडणी होते ती बाहेर पडताना आपोआप मोडत नाही. संघ सोडल्याने कायदा करण्याचा अधिकार परत मिळतो, पण त्या अधिकाराखाली जी माणसे पूर्वी जगत होती ती तोवर दुसरीकडे गेलेली असतात. त्यामुळे संघाचा खरा हिशेब तीन प्रश्नांनी मांडावा लागतो: आत असताना दर कोण ठरवत होते, आत शिरण्याची किंमत कोणाच्या खिशातून गेली, आणि बाहेर पडल्यावर कोणते ओझे तसेच उरले. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी ब्रुसेल्सला जाण्याची गरज नाही. कोकणच्या किनाऱ्यावर, गोव्यात, बारा वर्षे टिकलेला एक सीमाशुल्क संघ होऊन गेला आहे आणि मराठी अर्थविचाराने त्याच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

1. दोन संज्ञा आणि एक जुना भेद

व्यापारी संघ हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून आधी भेद सांगणे आवश्यक आहे. ज्या करारात सभासद देश एकमेकांच्या मालावरील आयातकर काढून टाकतात, पण बाहेरच्या जगासाठी प्रत्येकाचे दरपत्रक वेगळे राहते, त्याला मुक्त व्यापार क्षेत्र म्हणतात. आणि ज्यात अंतर्गत कर जातातच, शिवाय बाहेरच्या मालासाठी सर्वांचे दरपत्रकही एकच होते, त्याला सीमाशुल्क संघ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात सभासद आपला कर ठरवण्याचा अधिकार सामायिक हंड्यात टाकतो, म्हणून त्या हंड्यावर हात कोणाचा, हा प्रश्न तिथे निर्णायक ठरतो.

जेकब व्हायनर या अर्थशास्त्रज्ञाने 1950 साली असे दाखवून दिले की सीमाशुल्क संघामुळे व्यापार दोन रीतींनी बदलतो. जिथे महाग देशी मालाऐवजी शेजारी सभासदाचा स्वस्त माल येऊ लागतो तिथे नवा व्यापार निर्माण होतो, आणि जिथे बाहेरच्या खऱ्या स्वस्त मालाला डावलून करमुक्त पण महाग शेजाऱ्याचा माल घेतला जातो तिथे व्यापार नुसता वळतो. ही मांडणी मोलाची आहे, मात्र तिच्यात दर ठरवणाऱ्याची सत्ता हा घटक जवळजवळ येतच नाही. 1834 साली उभ्या राहिलेल्या जर्मन सीमाशुल्क संघात हा घटक उघड दिसतो. तिथे प्रशिया सर्वांत बलाढ्य होता, तरी 1867 पर्यंत प्रत्येक सभासद राज्याला नकाराधिकार होता आणि जमा झालेला महसूल लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जात असे. लहान राज्ये त्या संघात टिकली यामागे ही दोन कलमे होती, आणि गोव्याच्या वाट्याला नेमकी तीच आली नाहीत.

2. गोव्याचा संघ, 1880 ते 1892

26 डिसेंबर 1878 रोजी लिस्बन येथे ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात एक करार झाला. ब्रिटनतर्फे रॉबर्ट मोरियर आणि पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री ज्युआंव द आंद्राद कॉर्व्हो यांनी तो घडवून आणला आणि 15 जानेवारी 1880 पासून तो अमलात आला. मुदत बारा वर्षांची होती. त्यानुसार ब्रिटिश हिंद आणि पोर्तुगीज हिंद यांच्या सीमेवरील जकात उठली, दोघांना सामायिक दरपत्रक लागू झाले, गोव्याची आबकारी, म्हणजे दारू व माडीवरील कराची व्यवस्था, ब्रिटिश पद्धतीला जुळवून घेण्यात आली आणि गोव्यातील मीठउत्पादनाचे नियंत्रण ब्रिटिश हिंद सरकारकडे गेले. त्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळायचे ठरले, आणि मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत लोहमार्ग बांधण्याची योजना पुढे आली.

ब्रिटिश सरकारला हा करार कशासाठी हवा होता हे समजून घेतले की त्याचा तोल कळतो. सरकारी उत्पन्नाचा एक मोठा आधार मिठावरील कर हा होता. 1878 मध्ये मुंबई आणि मद्रास इलाख्यांत तो मणामागे अडीच रुपये करण्यात आला, आणि उत्तरेकडील मीठ अडवण्यासाठी उभारलेली शेकडो मैलांची अंतर्गत जकातरेषा 1879 मध्ये उठवण्यात आली, कारण देशभर मिठाचा दर जवळपास एक झाला की आतले नाके पोसण्याचे कारण राहत नाही. या एकसारख्या दराला कोकणात एक भगदाड होते. गोव्याचे मीठ स्वस्त होते आणि ते घाट चढून बेळगाव, धारवाडकडे जात असे. डोंगर-जंगलांची ती सीमा शिपायांनी राखण्यापेक्षा मिठागरेच ताब्यात घेणे सोपे आणि कमी खर्चाचे होते. एका बाजूचा उद्देश असा महसुलाचा, तर दुसऱ्या बाजूची आशा बंदराच्या भरभराटीची होती. ज्यांच्या मिठागरांवर हे सगळे बेतले होते त्यांचे मत यात कोठेच नव्हते.

1882 मध्ये या रचनेतील मर्म उघडे पडले. त्या वर्षी ब्रिटिश हिंद सरकारने मीठ, दारू अशा मोजक्या वस्तू वगळता जवळजवळ सर्व आयातकर रद्द केले. त्यामागे लँकेशायरच्या कापडगिरण्यांचा दीर्घकाळचा आग्रह होता, मुक्त व्यापाराचे तत्त्वज्ञान होते आणि त्या वर्षीच्या अंदाजपत्रकातील शिल्लक होती. गोव्याच्या तिजोरीची गरज हे त्याचे कारण नव्हते. परंतु सामायिक दराच्या संघात मोठ्या भागीदाराने कर काढला की लहान भागीदाराला तो स्वतःपुरता ठेवायला जागा उरत नाही, कारण बंदरात वेगळा कर लावायचा तर सीमेवर पुन्हा नाका बसवावा लागतो. गोवा ज्या दरपत्रकात सामील झाला ते दोन वर्षांत दुसऱ्याच्या सोयीने पुसले गेले. जर्मनीतील एखाद्या छोट्या राज्याच्या हाती अशा वेळी नकाराधिकार होता. पणजीच्या हाती काही नव्हते.

3. शेराला एक आणा

दर दुसऱ्याने ठरवला म्हणजे नेमके काय होते, हे एका शेरावर पाहता येते. मणाला अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे, आणि मणाचे शेर चाळीस. म्हणजे मिठाच्या प्रत्येक शेरावर एक आणा नुसता कर. हा कर मीठ मिठागराबाहेर पडतानाच वसूल होत असल्यामुळे पुढे ते कोणाच्या राज्यात खाल्ले जाते याने काही फरक पडत नसे. पाली हे गाव याचे उत्तम उदाहरण आहे. बल्लाळेश्वराचे हे गाव आणि भोवतालचा सुधागड तालुका त्या काळी कुलाबा जिल्ह्यात नव्हता, तर भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात होता. ब्रिटिश मुलुखाच्या शेजारी घाटाखाली असलेला हा संस्थानी प्रदेश 8 मार्च 1948 रोजी भोरच्या विलीनीकरणाने मुंबई प्रांतात आला. पालीच्या बाजारात येणारे मीठ अंबा नदीच्या मुखाकडच्या आणि पेण-उरणच्या आगरांतले, म्हणजे ब्रिटिश मीठखात्याच्या कुंपणातून बाहेर पडलेले. भोरच्या रयतेने शेरामागे दिलेला आणा त्यामुळे ब्रिटिश तिजोरीत जाई, आणि तो दर 1882 मध्ये मणाला दोन रुपये झाला काय किंवा 1888 मध्ये पुन्हा अडीच रुपये झाला काय, त्याविषयी भोरच्या दरबाराला कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पालीने कोणत्याही सीमाशुल्क संघावर सही केली नव्हती. तरी संघाचा कर तिच्या तव्यावर आणि लोणच्याच्या बरणीत पोचलेला होता.

गोव्यात हीच व्यवस्था कराराने आणली गेली, म्हणून तिथे तिचा घाव अधिक खोल होता, कारण गोवा मीठ विकत घेणारा नव्हे तर पिकवणारा प्रदेश होता. मिठागर म्हणजे केवळ समुद्राचे पाणी वाळवण्याची जागा नव्हे. खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीला, बांध घालून, मानशीच्या दारांतून भरतीचे पाणी हवे तेवढे आत घेऊन, पावसाळ्यानंतर चिखल तुडवून तळ घट्ट केलेले उथळ वाफे त्यात असतात, आणि एका वर्षी बांधाकडे दुर्लक्ष झाले तर पुढच्या हंगामात खारे पाणी भातशेतीत शिरते. बाजारासाठी मीठ काढणे परवडेनासे झाले तेव्हा केवळ एक धंदा बसला नाही, तर खाजणाची राखण करणाऱ्या कामकऱ्यांचा हंगामी रोजगार गेला. मच्छीमारांचे तसेच झाले. बांगडा खारवायचा तर साधारण तीन-चार भाग मासळीला एक भाग मीठ लागते, आणि मीठ महागले की स्वस्त मासळी खारवून विकण्यात काही उरत नाही. माडी काढणाऱ्या रेंदेरांवर आबकारीचा नवा बोजा आला. मिठागरे बंद पडली, मिठाचा भाव वाढला आणि गोव्यातून मुंबईकडे निघालेल्या माणसांची रीघ वाढत गेली. धोबीतलावच्या परिसरातील गावोगावच्या ‘कूड’ संस्था, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली सामायिक निवासस्थाने, या स्थलांतराची साक्ष आजही देतात. स्थलांतराला आणखीही कारणे होती हे मान्य करूनही, ज्या गावातून मिठाचा आणि माडीचा दुहेरी आधार गेला तिथून बाहेर पडण्याची निकड वेगळी होती.

4. चार लाखांचा मार्ग

आता आत शिरण्याची किंमत कोणी मोजली हा दुसरा प्रश्न. संघांचे समर्थक नेहमी म्हणतात की एकूण नफा तोट्यापेक्षा मोठा असेल तर नफा झालेल्या घटकांकडून घेऊन तोटा झालेल्यांना भरपाई देता येते, आणि तसे झाले की कोणाचेच नुकसान राहत नाही. हा युक्तिवाद ‘देता येते’ आणि ‘दिली जाते’ या दोन वाक्यांतील अंतर पुसून टाकतो. गोव्याला भरपाई खरोखरच मिळाली, दरसाल चार लाख. पण ती मिठागराच्या मालकाला किंवा मच्छीमाराला मिळाली नाही. ती सरकारला मिळाली, आणि लोहमार्ग कंपनीच्या भांडवलावर सरकारने जे ठरावीक व्याज देण्याची हमी घेतली होती त्या हमीव्याजाच्या पोटी ती बांधली गेली. तोटा एका हातात पडला आणि भरपाई दुसऱ्याच्या हिशेबात जमा झाली.

त्यातही एक बारकावा आहे जो अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच येतो. भरपाई रुपयांत ठरलेली होती, तर लंडनच्या भांडवलावरचे देणे पौंडांत. चांदीचा भाव घसरत गेल्याने रुपयाची किंमत या बारा वर्षांत उतरत गेली. 1880 च्या सुमारास एका रुपयाला जवळपास 20 पेन्स मिळत, ते 1892 उजाडताना 17 पेन्सांच्या खाली आले होते. याचा अर्थ सुरुवातीला सुमारे 33 हजार पौंडांचे असलेले चार लाख रुपये शेवटी 28 हजार पौंडांचेही राहिले नाहीत. देणे तेवढेच राहिले आणि ते फेडण्याचे साधन दरसाल आखडत गेले. करार लिहिताना भरपाई कोणत्या चलनात आहे, हे आयातकराच्या कोणत्याही टक्क्याइतकेच महत्त्वाचे कलम ठरले.

लोहमार्ग 1888 पर्यंत पूर्ण झाला. मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत तो घाट चढतो आणि अभियांत्रिकीचे काम म्हणून त्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु दक्षिण महाराष्ट्र आणि धारवाडकडचा कापूस मुरगावला लोटेल ही आशा अपेक्षेप्रमाणे फळली नाही. जिथे भाडे कमी पडेल आणि जहाजे नियमित मिळतील तिकडे माल जातो, आणि त्या दोन्ही बाबतीत मुंबई खूप पुढे होती.

5. बाहेर पडल्यावर

14 जानेवारी 1892 रोजी कराराची मुदत संपली आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. तोवर आफ्रिकेतील वादावरून ब्रिटनने पोर्तुगालला 11 जानेवारी 1890 रोजी दिलेल्या निर्वाणीच्या खलित्याने दोन्ही देशांचे संबंध कडवट झाले होते. सीमेवर पुन्हा नाके आले. तेरेखोल नदीच्या पलीकडच्या सावंतवाडी मुलुखातील बाजार आणि अलीकडचा पेडणे प्रांत यांच्या मधल्या रोजच्या देवघेवीवर पुन्हा जकातीचे शिपाई बसले. दर ठरवण्याचा अधिकार पोर्तुगीज सरकारला परत मिळाला.

या क्षणाकडे पाहताना संघ सोडणे म्हणजे संघात शिरण्याची क्रिया उलट करणे, ही सर्वसामान्य समजूत मोडून पडते. चार लाखांचे उत्पन्न करारासोबत संपले, पण लोहमार्गाच्या हमीचे देणे संपले नाही, कारण ते कंपनीशी स्वतंत्रपणे बांधलेले होते. मिठावरील परकी नियंत्रण गेले, पण बारा वर्षे पडीक राहिलेल्या मिठागराचा बांध कायद्याच्या एका कलमाने उभा राहत नाही, आणि ज्या घाटमाथ्याच्या बाजारांत गोव्याचे मीठ जात होते तिथे मधल्या काळात दुसऱ्या मिठाची सवय आणि दुसऱ्या व्यापाऱ्यांची उधारी रुजलेली होती. मुंबईत आचारी, खलाशी, वादक म्हणून स्थिरावलेला मनुष्य दरपत्रक बदलले म्हणून खाजणात परतत नाही. ब्रिटनचाही अनुभव वेगळ्या तपशिलांत हेच सांगतो: 31 जानेवारी 2020 रोजी तो संघाबाहेर पडला, पण आयर्लंडच्या भूमीवरची सीमा मोकळी ठेवायची असल्याने तपासणीची रेषा उत्तर आयर्लंड आणि ब्रिटनची मुख्य भूमी यांच्यामधल्या समुद्रात सरकवावी लागली. संघ मोडला की सीमा कोठेतरी उभी राहतेच. ती कोणाच्या दारात उभी राहणार एवढेच ठरवायचे उरते.

6. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की गोवा ही वसाहत होती, करार दोन साम्राज्यांतला होता, म्हणून सार्वभौम राष्ट्राच्या निर्णयाशी त्याची तुलना होऊ शकत नाही. वसाहतीचा मुद्दा खरा आहे आणि तो सौम्य करण्याचे कारण नाही. परंतु सही करणारा एक, झळ सोसणारा दुसरा आणि भरपाई घेणारा तिसरा, ही रचना वसाहतवादाबरोबर संपलेली नाही. वसाहतीत ती निर्लज्जपणे दिसते, लोकशाहीत ती समित्यांच्या आणि परिशिष्टांच्या मागे जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लहान प्रदेशाला मोठ्या बाजाराची गरज असते आणि एकटे राहण्याची किंमत संघातील अन्यायापेक्षा मोठी असू शकते. हे अनेकदा खरे असते. पाली संस्थानी कोषातून बाहेर येऊन 1948 मध्ये मोठ्या बाजारात सामील झाली ही तिच्या हिताचीच गोष्ट होती. पण त्या सामिलीकरणासोबत मताचा अधिकार आला, विधानसभेत प्रतिनिधी आला आणि कर लावणाऱ्याला जाब विचारण्याची सोय आली. मोठा बाजार हवा की नको असा प्रश्नच नाही. दर ठरवण्यात वाटा मिळाल्याशिवाय घेतलेला मोठा बाजार लहानाला महाग पडतो.

तिसरा आक्षेप असा की बाहेर पडूनही जुने परत येत नसेल तर बाहेर पडण्याला अर्थ काय. अर्थ निश्चित आहे. अधिकार परत मिळणे ही पुनर्रचनेची पहिली अट आहे, मात्र ती पुनर्रचना नव्हे. संघ सोडण्याचा निर्णय योग्य ठरला की नाही, हे सोडल्यानंतरच्या दहा वर्षांत बांध कोणी बांधले यावर ठरते.

7. 2019 चा नकार आणि दुधाचा भाव

आरसेपची बोलणी नोव्हेंबर 2012 मध्ये सोळा देशांत सुरू झाली. 15 नोव्हेंबर 2020 रोजी उरलेल्या पंधरा देशांनी करारावर सह्या केल्या. भारत संघ सोडून गेला असे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे आहे, त्याने दारातून पाऊल मागे घेतले. महाराष्ट्रात या नकाराचे स्वागत करणाऱ्यांत दूध उत्पादक आघाडीवर होते, कारण न्यूझीलंडची स्वस्त दूध भुकटी आली तर गावच्या डेअरीचा भाव कोसळेल ही त्यांची भीती होती. भीती अनाठायी नव्हती आणि नकार योग्यच होता.

मात्र त्या नकारावर समाधान मानणे म्हणजे गोव्याचा धडा अर्धाच वाचणे होय. दूध भुकटीवर 60 टक्के आयातकर असतानाच, जुलै 2018 मध्ये महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना रस्त्यावर यावे लागले होते. राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने लिटरमागे पाच रुपयांच्या अनुदानासाठी दूध रोखले आणि शेवटी शेतकऱ्याला 25 रुपये दर देण्याचे जाहीर झाले. ते संकट बाहेरून आलेल्या दुधाचे नव्हते. जागतिक बाजारात भुकटीचा भाव पडल्याने देशातील साठा निर्यात होईना, आणि तो साठा दूधसंघांच्या गोदामांतून शेतकऱ्याच्या भावावर येऊन बसला. आयातकराची भिंत बाहेरचा माल अडवते, आतला भाव ती सांभाळत नाही. सुधागडसारख्या पावसाच्या एका भातपिकावर आणि दोन-चार जनावरांवर चालणाऱ्या तालुक्यात दूध थंड करण्याची सोय, चाऱ्याचा भाव आणि संकलनाची खात्री या गोष्टी ठीक नसतील, तर बँकॉकमधील नकाराचा लाभ त्या गोठ्यापर्यंत पोचत नाही.

8. सही कोणाची

यातूनच शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न उभा राहतो. भारतीय संविधानानुसार आंतरराष्ट्रीय करार करणे हा केंद्रीय कार्यकारी सत्तेचा अधिकार आहे आणि व्यापारी कराराला संसदेची पूर्वसंमती घेणे बंधनकारक नाही. शेती ही सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची 14वी नोंद आहे आणि मत्स्यव्यवसाय 21वी; तरीही अनुच्छेद 253 अन्वये करार अमलात आणण्यासाठी संसद राज्यांच्या विषयांवरही कायदा करू शकते. म्हणजे दुधाच्या, मासळीच्या आणि भाताच्या भवितव्यावर परिणाम करणाऱ्या कराराविषयी महाराष्ट्राच्या किंवा गोव्याच्या विधानसभेचे मत घेण्याची कोणतीही बंधनकारक तरतूद नाही. 2012 ते 2019 अशी सात वर्षे वाटाघाटी चालल्या, त्यात शिरण्याचा निर्णय मंत्रिमंडळाचा होता आणि बाहेर पडण्याचाही.

करार करण्याआधी त्याचा मसुदा संसदीय समितीपुढे येणे, राज्यसूचीतील विषयांना झळ पोचत असेल तर संबंधित राज्यांचे लेखी मत नोंदवले जाणे, भरपाईची तरतूद ज्या व्यवसायाला तोटा होणार त्याच्याच नावे असणे, आणि करार संपला तर त्याच्या भरवशावर घेतलेली कर्जे कोण फेडणार हे आधीच लिहिलेले असणे, या चार अटी फार मोठ्या नाहीत. यातील एकही अट 1878 च्या लिस्बनमध्ये कोणी मांडली नाही. नव्या करारांच्या वाटाघाटी सध्या एकामागून एक होत आहेत आणि प्रत्येक वेळी वृत्तपत्रांत निर्यात किती वाढेल याचे आकडे छापून येतात. पालीच्या बाजारात, पेणच्या आगरावर किंवा पेडण्याच्या खाजणात त्या आकड्याचा वाटा कोणाला आणि बोजा कोणाला, हे सांगणारे परिशिष्ट त्या मसुद्यांना अजून जोडले जात नाही.